मला आवडलेले गिटारवाले

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीला बोलावलं म्हणजे तो कवितेवर बोलणार, आणि कवी मुसलमान असला म्हणजे गझलेवर बोलणार, असं आपल्याकडे धरूनच चालतात. मला विषय विचारला तेव्हा मी 'गिटार' असं सांगितलं. फोनवर पलीकडे जरा शांतता झाली. मग प्रश्न आला, 'तुम्ही वाजवता का?' नाही, मंडळी. मला गिटारची एक तारही धड छेडता येत नाही. पोहता न येणाऱ्या माणसाचं नदीवर प्रेम असतं ना, तसं माझं गिटारवर आहे. काठावरचं.

माझं लहानपण आलापल्लीला गेलं. अब्बा एका लाकूड ठेकेदाराकडे मुनीम होते. दिवसभर सागवानाच्या लठ्ठ्यांची मापं वहीत उतरवायची आणि संध्याकाळी चार सेलांचा रेडिओ लावून खाटेवर पडायचं, असा त्यांचा क्रम. सेल कमजोर झाले की अम्मी ते पापडांसारखे उन्हात वाळत घालायची. एखादा कार्यक्रम वेळेआधी संपला की पुढचा सुरू होईपर्यंतची दोन-तीन मिनिटं भरायला रेडिओवर वाद्यसंगीत लावत. ओळखीच्या सिनेगीताची चाल असे, पण शब्द नसत. गळा नसे, तरी कोणीतरी गातंय असं वाटे. तो सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारून जात नसे. पावसाळ्यात धुऱ्यावरून पाय घसरावा तसा घसरत जाई. मला वाटे, लांब कुठेतरी एखादी बाई रडते आहे. मी जीव कानात आणून ऐकत असायचो, आणि नेमकं तेव्हाच सूर बारीक होऊन बातम्या सुरू व्हायच्या.

ते वाद्य गिटार आहे हे मला फार उशिरा कळलं. सिनेमात पाहिलेली गिटार छातीशी धरलेली असे, हीरो ती घेऊन पार्टीत फिरे. ही रडणारी बाई त्या डब्यात कशी असेल? पुढे चंद्रपूरला कॉलेजात आलो आणि एका मित्राच्या घरी रेकॉर्डच्या पुठ्ठ्यावर पहिल्यांदा नावं वाचली. एक सुनील गांगुली, दुसरे व्हॅन शिप्ले. कित्येक वर्षं मी असं समजत होतो की बंगालीतले मोठे कवी-कादंबरीकार सुनील गंगोपाध्याय हेच फावल्या वेळात गिटार वाजवतात. मला त्याचा अभिमानही वाटायचा. ते दोघं वेगळे आहेत हे कळलं त्या दिवशी मी खरोखर हिरमुसलो. व्हॅन शिप्ले लखनौचे. व्हायोलिन आणि गिटार दोन्ही वाजवत. विजेवर चालणारी गिटार आपल्या देशात लोकप्रिय करणाऱ्यांत त्यांचं नाव फार वरचं. २००८ साली ते गेले.

ज्याच्या घरी मी ही नावं वाचली, त्या मित्राबद्दल आज सांगायचं आहे. नाव सांगणार नाही, त्याला ते आवडायचं नाही. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. खाणीत नोकरीला होता, आणि गणपतीत, शारदोत्सवात एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याची गिटार छातीशी धरायची. डाव्या हातानं पडद्यांवर तारा दाबायच्या, उजव्यानं छेडायच्या. मला गिटार ऐकायला त्यानं शिकवलं. गाण्यात गायकाकडे लक्ष देऊ नको, मागे बघ, असं तो म्हणायचा. 'हरे रामा हरे कृष्णा'तलं झीनत अमानचं ते धुरातलं गाणं त्यानं मला दहा वेळा ऐकवलं असेल, फक्त गिटारसाठी. ती गिटार भूपिंदर सिंग यांची. तोच भूपिंदर, ज्याच्या घोगऱ्या, ओलसर आवाजातल्या गझला नंतर आपण ऐकल्या. आधी आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर ते गिटार वाजवत. मदनमोहन यांनी त्यांना मुंबईला आणलं, 'हकीकत'मध्ये गायला लावलं. २०२२ साली ते गेले तेव्हा बातम्यांत गायक म्हणून चार ओळी होत्या, गिटारीचा उल्लेख शेवटी अर्धी ओळ. माझ्या मित्राला त्याचा राग आला होता. पंचमदांचे दुसरे भानू गुप्ता. गिटार तर होतीच, पण 'शोले'मध्ये अमिताभ संध्याकाळी पायरीवर बसून माउथऑर्गन वाजवतो ना, तो खरा वाजवणारा माणूस म्हणजे भानू गुप्ता. हे लोक आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडून बोलले.

आणखी एक नाव त्याच्यामुळेच माझ्यापर्यंत आलं, ते गोव्याच्या रेमो फर्नांडिसचं. १९८४ साली घरातच गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी दिल्या. मित्र म्हणायचा, 'आपनही असंच करू गा. सायकलवर.'

१९९० साली खाणीत टब जोडताना त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं सापडली. मधलं आणि अनामिका. मधलं अर्धं राहिलं, अनामिका मुळातून गेली. ज्यांना गिटार माहीत आहे त्यांना सांगायला नको. तारा दाबणारा हात तोच. नोकरी राहिली, त्याला जमिनीवरच्या हलक्या कामावर घेतलं. गिटार मात्र त्यानं खिळ्यावर टांगली ती टांगलीच.

आता माझं कृत्य ऐका. मी त्या बोटांवर कविता लिहिली. त्या वेळी मी जोरात होतो, कविसंमेलनांची आमंत्रणं येऊ लागली होती. गावातल्याच एका संमेलनात ती वाचली. टाळ्या पडल्या, दोनदा वाचायला लावली. तो मागच्या रांगेत बसलेला मला दिसला नव्हता. बाहेर पानटपरीवर गाठ पडली. तो रागावला नाही, हेच वाईट. एवढंच म्हणाला, 'तुले टाळ्या भेटल्या. मले काय भेटलं, कवी?' आणि सायकल घेऊन निघून गेला. त्यानंतर तीन-साडेतीन वर्षं मी त्याच्या घराच्या गल्लीत पाय ठेवला नाही. ती कविता माझ्या कुठल्याही संग्रहात नाही. पण ती लिहिली होती, हे खोडता येत नाही.

१९९४ साली वर्तमानपत्रात एक बातमी आली. जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांना अमेरिकेतला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या मोहनवीणेचा फोटोही पाहिला. मोहनवीणा म्हणजे मुळात गिटारच, तिला तरफांच्या तारा जोडून वाढवलेली. फोटोत ती मांडीवर आडवी होती, आणि डाव्या हातात एक लोखंडी कांडी. मी तो फोटो बराच वेळ पाहत राहिलो. डाव्या हाताची बोटं काहीच दाबत नव्हती.

कात्रण खिशात घालून आठ दिवस फिरलो. शेवटी गेलो. वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं, एक शब्द बोलल्या नाहीत. तो आला, कात्रण घेतलं, उजेडात नेऊन पाहिलं. मग म्हणाला, 'हा तं दाबतच नाही.' मी म्हणालो, 'नाही.' आमची एवढीच दिलजमाई झाली.

आता थोडं या प्रकाराबद्दल सांगतो, कारण माझ्या लहानपणची ती रडणारी बाई इथेच सापडते. याला हवाईयन गिटार म्हणतात. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाचा एक शाळकरी मुलगा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेच्या रुळाजवळ पडलेला एक बोल्ट उचलून त्यानं गिटारच्या तारांवर फिरवला, अशी गोष्ट सांगतात. पुढे त्यानं शाळेच्या कारखान्यात त्यासाठी पोलादी कांडी करून घेतली. यात गिटार आडवी ठेवतात, तारा पडद्यांपासून उंच उचललेल्या असतात, बोटानं तार दाबायचीच नसते. कांडी तारेवरून सरकली की सूर तुटत नाही, वाहतो. आपण ज्याला मींड म्हणतो ती इथे वाद्याच्या स्वभावातच आहे. म्हणून हे परदेशी वाद्य आपल्या गाण्याशी इतक्या लवकर बोलू लागलं. हवाईचे ताउ मो हे कलावंत १९४०च्या दशकात काही वर्षं कोलकात्यात राहिले. कोलकात्यानं हे वाद्य असं काही उचललं की बंगाली घरात पेटीच्या शेजारी हवाईयन गिटार दिसू लागली.

मग ब्रिजभूषण काबरा. मूळ जोधपूरचे, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असेल. संतूर आणि बासरीचं कौतुक सगळे करतात. पुढच्या वेळी काबरांसाठी ऐका. मला हा माणूस भट्टांपेक्षाही जवळचा वाटतो. ते घाई करत नाहीत.

आमच्या एका संगीतप्रेमी ज्येष्ठांनी मला ऐकवलं होतं, 'गिटार हे काही आपलं वाद्य नव्हे.' मी म्हटलं, पेटी कुठे आपली होती? ज्या नभोवाणीवरून मी आज बोलतो आहे, तिनंच १९४० पासून जवळपास तीस वर्षं पेटीला बंदी घातली होती. आता पेटीशिवाय आपलं भजन उभं राहत नाही. आणि गिटार तरी कुठून आली? ग्रीक 'किथारा', अरबी 'कीतारा', स्पॅनिश 'गितार्रा' असा त्या शब्दाचा प्रवास आहे. नवव्या शतकात बगदादहून स्पेनमधल्या कोर्दोबाला गेलेल्या झिरयाब नावाच्या गवयानं ऊद या वाद्याला पाचवी तार जोडली असं सांगतात. वाद्यं अशी चालत चालत येतात. स्पेनच्या पाको दे लुसियाची फ्लामेंको गिटार ऐकताना मला कधी कधी कव्वालीतल्या टाळ्यांचा भास होतो. त्याला सुरांची लिपी वाचता येत नव्हती, हे आमच्या गावच्या कलावंतांना ऐकून बरं वाटेल. जिमी हेंड्रिक्स, मार्क नॉफ्लर ही मंडळीही मी ऐकली, पण त्यांच्याबद्दल माझा मुलगा जास्त चांगलं बोलेल.

तर हवाईयन गिटार आणायची कुठून? चंद्रपुरात नव्हती, नागपूरची किंमत परवडणारी नव्हती. तेव्हा मला मुलचेरा आठवला. गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, चामोर्शी या भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. जंगलात अचानक घरापुढे मासळीचं तळं दिसलं, संध्याकाळी शंख ऐकू आला, की ओळखायचं. तिथल्या एका निवृत्त मास्टरमोशायकडे असं वाद्य आहे, असं अब्बांनी कधीतरी सांगितल्याचं आठवलं. आम्ही दोघं एसटीनं निघालो. मध्ये नाल्याला पूर होता, तीन तास अलीकडच्या काठावर काढले.

मास्टरमोशायनी आम्हाला आधी भात-मासे वाढले. मग मित्राचा डावा हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. एखाद्या सुतारानं फळी पाहावी तसा. अंगठा, तर्जनी आणि उरलेलं अर्धं मधलं बोट यांच्यात कांडी धरून दाखवायला सांगितली. कांडी बसली. 'हईबे,' ते म्हणाले. होईल. मी त्या हातावर अख्खी कविता लिहिली होती, पण तो असा हातात घेऊन पाहण्याचं मला सुचलं नव्हतं.

पुढचं वर्षभर महिन्यातून एकदा तो मुलचेऱ्याला जायचा. पहिले काही महिने जे निघायचं त्याला संगीत म्हणणं अवघड होतं. शेजारच्या एकाने कुत्र्याला काय झालं म्हणून विचारलं होतं. त्याच्या वर्कशॉपमधल्या एका सोबत्यानं लेथवर पोलादी सळईचा तुकडा घासून त्याला त्याच्या बोटांच्या मापाची कांडी करून दिली. तीच आजही आहे. मास्टरमोशाय गेल्यावर त्यांच्या मुलानं ती गिटारही त्यालाच दिली.

पुढे इंटरनेट आलं आणि मला जगातले दुसरे दोन गिटारवाले सापडले. पहिला जँगो राइनहार्ट. फ्रान्समधला रोमा, म्हणजे आपण जिप्सी म्हणतो त्या भटक्या जमातीतला. या लोकांची भाषा मूळ हिंदुस्थानातली. येख, दुय, त्रिन असं ते मोजतात. १९२८ साली त्याच्या गाडीतल्या घराला आग लागली. बायकोनं विकण्यासाठी केलेली सेल्युलॉइडची फुलं भडकली. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची निकामी झाली. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. उरलेल्या दोन बोटांनी त्यानं वाजवण्याची नवी पद्धत बसवली. १९३४ पासून पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीबरोबर त्याचा जो ताफा होता, त्याच्या रेकॉर्ड आजही लोक शोधून ऐकतात. ऐकताना दोन बोटं कमी आहेत हे कानाला कळत नाही.

दुसरा टोनी आयोमी. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यातला सतरा वर्षांचा कामगार. कामाचा शेवटचा दिवस होता, त्या दिवशी यंत्रात उजव्या हाताची दोन बोटं सापडली आणि टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात उजवाच. त्यानं गिटार सोडायचं ठरवलं. तेव्हा कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठानं त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली. ती जँगोची होती. मग आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. पुढे बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून तारा ढिल्या केल्या आणि त्यातून 'ब्लॅक सॅबथ' या ताफ्याचा तो जड, काळा आवाज आला. तो प्रकार मला फारसा सोसत नाही, डोकं दुखतं. पण त्या कारखान्यातल्या वरिष्ठाबद्दल मी अनेकदा विचार करतो. त्यानं कविता लिहिली नाही. रेकॉर्ड आणली.

या दोघांबद्दल मी मित्राला मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यानं जँगो ऐकला, दोनदा ऐकला. म्हणाला, 'याची करंगळी गेली, मधलं बोट होतं. माझं उलटं आहे.' म्हणजे त्याला दाखला नको होता. तो हिशेब करत होता.

त्याला मनापासून आवडला तो अली फार्का तूरे. आफ्रिकेतल्या माली देशात, नायजर नदीकाठच्या नियाफुंके गावचा शेतकरी. विश्वमोहन भट्टांबरोबर ज्यानं ती ग्रॅमीची तबकडी केली तो अमेरिकन राय कूडर. हे दोघं ओळख झाल्यावर तासाभरात ध्वनिमुद्रणाला बसले होते. त्याच कूडरनं १९९४ साली तूरेबरोबर 'टॉकिंग टिंबक्टू' केली. 'फार्का' म्हणजे गाढव. त्याच्या आधीची आईची नऊ मुलं जगली नव्हती, म्हणून याला असं नाव ठेवलं. आपल्याकडे दगडू, धोंडू, केरबा ही नावं ज्या धास्तीनं ठेवतात, तीच ही. लहानपणी तो एका तारेचं वाद्य वाजवायचा. त्याची गिटार ऐकली की जिवतीकडच्या परधानांची किंगरी आठवते. एकाच ठिकाणी घोटाळत राहते आणि तरी पुढे जाते. नाव झाल्यावरही तो गावी परतला, गिटारचा पैसा शेतीच्या पाण्यात घातला, २००४ साली गावचा मेयर झाला, २००६ साली गेला. 'मी आधी शेतकरी,' असं तो सांगायचा. मित्र म्हणाला, 'मी आधी खानकामगार.'

लाकडाचं एक सांगायचं राहिलं. चांगल्या गिटारीची पाठ आणि बाजू शिसमाची असते. पूर्वी ब्राझीलचं शिसम वापरत. ते मिळेनासं झालं तेव्हा १९६९च्या सुमारास अमेरिकेतल्या मार्टिन या नामवंत कारखान्यानं हिंदुस्थानी शिसम घेतलं. तीच जात आमच्या आलापल्लीच्या जंगलात उभी आहे. अब्बांच्या वहीत सागवानाखाली 'शिसम' असा वेगळा रकाना असायचा. ते लठ्ठे कुठे गेले ते मला माहीत नाही, बहुधा पलंगांत गेले असतील. अब्बांना गिटार कधीच आवडली नाही. 'क्या टिंग टिंग लगा के रखा है,' असं ते म्हणत. पण शेवटच्या आजारपणात मित्र त्यांच्या खाटेजवळ गिटार घेऊन बसला आणि जुन्या सिनेमाची एक चाल वाजवली. तीच, जी बातम्यांमुळे दरवेळी अर्धी राहायची. अब्बांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली आणि म्हणाले, 'सेल बदला क्या रे?'

मित्र आता निवृत्त झाला आहे. कार्यक्रम करत नाही. दिवेलागणीला ओट्यावर बसून तासभर वाजवतो. समोरची पोरं क्रिकेट खेळत असतात, कुणी ऐकतं, कुणी नाही. हे भाषण त्याला आधी वाचून दाखवलं आहे. या वेळी विचारून. त्यानं दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. आता तो रेडिओजवळ बसला असेल. गड्या, पावसाळी हवा आहे, तुझी तिसरी तार पुन्हा उतरली असेल. संध्याकाळी येतो, तोवर लावून ठेव.